एकाआड एक ओळ

या, जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे या, ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यातली नाही. हिच्यात एक माणूस आहे ज्याने जन्मभर तोंडातून शब्द काढला नाही, आणि तरी त्याच्यासारखा कथेकरी मी दुसरा पाहिला नाही. आणि एक माणूस आहे जो बोलायचा थांबतच नाही, आणि त्यातला एक शब्द घरी न्यावा असा नसतो. दोघं एकाच घरातले. एक सासरा, एक जावई.

आधीच सांगून टाकते, जावयाबद्दल माझं मन साफ नाही. गाऊन सांगितलेल्या कथा ऐकता ऐकता माझे केस पिकले. प्रत्येक कथेकऱ्याने शेवटी हेच सांगितलं की कुणाला तुच्छ लेखू नका, सगळ्यांच्या आत देव बसलाय. मान्य आहे. जावईबापूंच्या आतही बसला असेल. पण त्या बिचाऱ्याला तिथे बोलायला सवड मिळत नसेल.

सासरा म्हणजे माझे काका, मावशीचे यजमान. काका छापखान्यात होते. मशीन सुरू झालं की बाकीचे कामगार कानात बोळे घालायचे; काकांना त्याची गरज नव्हती, ते जन्मतःच बहिरे. मावशीही तशीच. ती फोटोच्या दुकानात निगेटिव्हवर हात फिरवायची. म्हणजे काचेच्या टेबलाखाली दिवा, वर निगेटिव्ह, हातात तीन केसांचा ब्रश, आणि नवरीच्या कपाळावरचा डाग असा नाहीसा करायचा की नवरीलाही आठवू नये. अडतीस वर्षं. तिच्या मालकाचं एक वाक्य घरात म्हणीसारखं झालं होतं: “हात फिरवला हे कळलं तर हात फिरवला कशाला?”

दर शनिवारी काका बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायचे आणि गोष्टी सांगायचे. हातांनी. मी ऐकू येणारी, पण मावशीच्या शेजारच्या दारात वाढले, त्यामुळे खुणांची भाषा मला बोलण्याच्या आधी आली म्हणतात. लहानपणी मागच्या बाकावर बसून मी ते पाहिलंय. त्या हातांना ताल होता. दहा बोटांत नदी यायची, नदीत होडी, होडीत भांडणारं जोडपं. गाऊन सांगणारा जसा एका जागी थांबतो, श्रोत्यांना ताटकळत ठेवतो आणि मग अलगद सम गाठतो, तसे काका हात हवेत धरून ठेवायचे. सगळ्या वर्गाचा श्वास त्या हातांत अडकलेला असायचा.

शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी एकदा कॅमेरा आणून त्या गोष्टींच्या सहा टेपा भरल्या. एकेक तासाच्या. काका गेले, सर गेले, मावशीच्या घरचं टेप लावायचं मशीनही गेलं. राहिल्या सहा टेपा, कपाटात, काकांच्या स्वेटरखाली.

यंदा शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला. शाळेत आता काकांना पाहिलेलं कुणी उरलं नाही, महिनाअखेरच्या शनिवारी मुलांना त्या गोष्टी दाखवायच्या आहेत, आणि नंतर त्या कायमच्या शाळेत ठेवायच्या आहेत. टेपा डिस्कवर उतरवून मिळतील का?

“मिळतील का म्हणजे काय!” जावईबापू म्हणाले. “घरचा माणूस असताना?”

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, तो या घरात बारा वर्षं ठाण मांडून आहे. माणसाचं दुकान आहे. लोकांच्या जुन्या टेपा घेऊन डिस्क बनवून देतात. कार्डावर नावाखाली छापलंय, ‘चित्रतज्ज्ञ’. बारा वर्षांत खुणा शिकले दोनच: एक चहाची, एक ‘ठीक आहे’ची. बाकी सगळं ते सासूशी मोठ्याने बोलून भागवतात. बहिऱ्या बाईशी मोठ्याने. एकदा मी म्हटलं, “भावोजी, तिला ऐकू येत नाही.” तर म्हणाले, “म्हणून तर ओरडतोय ना!”

तर या तज्ज्ञांनी सहा टेपा पिशवीत घातल्या आणि सासूबाईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडले, “आई! एकदम! नवीन! करून! आणतो!” मावशीने चष्म्यावरची थुंकी पुसली आणि ‘ठीक आहे’ अशी खूण केली. ती खूण त्यांना समजली. तेवढ्यावर खूश होऊन गेले.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी सगळे मावशीकडे जमलो. मावशी, तिची लेक म्हणजे आमची ताई, मी, आणि डिस्क हातात घेऊन जावईबापू. एकच डिस्क. सहा तास एका डिस्कवर मावल्याचं त्यांना इतकं कौतुक की बाळ दाखवावं तशी ती सगळ्यांपुढे फिरवली.

“मेव्हणीबाई, आधी आवाज ऐका,” ते मला म्हणाले. “तीन दिवस नुसता आवाजावर घालवलाय.”

“कसला आवाज?”

“पंख्याची घरघर होती, खुर्च्या सरकवत होते, कुणीतरी खोकत होतं. सगळं काढलं. आणि नुसतं शांत बरं दिसत नाही म्हणून मागे बासरी टाकलीय.”

मी मावशीला खुणेने सांगितलं, काकांच्या गोष्टीला त्यांनी बासरी लावलीय. मी भाषांतर करताना पदरचं मीठ घालत नाही, पण असलेलं काढूनही घेत नाही. मावशीने मला पुन्हा विचारलं, तिला वाटलं माझी काहीतरी गल्लत झाली. मग ती टीव्हीकडे वळली.

चित्र आलं. जावईबापूंनी लगेच थांबवलं. थांबलेल्या चित्रात काका उभे होते, हात खाली, अंगात रेघांचा शर्ट. “बघा! चित्रात आहे एक तरी खरखरीत दाणा? चेहरा कसा लोण्यासारखा झालाय!” आणि खरंच, काकांचा चेहरा गुळगुळीत झाला होता. कपाळावरच्या तीन आठ्या गेल्या होत्या. उजव्या भुवईतला व्रण गेला होता. साठीच्या माणसाचं लग्न ठरवायचं असावं असा फोटो होता तो.

मग चित्र चालू झालं, काकांनी हात उचलले, आणि हात गेले.

कसं सांगू? हात होते, पण बोटं नव्हती. हात हलायला लागला की त्याचा चिखल व्हायचा, त्यात चौकोनी ढेकळं उठायची, हात थांबला की पुन्हा बोटं उगवायची. मधल्या प्रवासात काय झालं ते कळायला मार्ग नाही. मागे बासरी मात्र स्वच्छ.

मावशी पाच मिनिटं पाहत राहिली. मग तिने ताईला विचारलं, “यांना झटका कधी आला होता?”

ताई गोंधळली. “कुणाला?”

“तुझ्या बाबांना. हे बोबडं बोलताहेत. अर्धे शब्द गिळताहेत. माझा नवरा असा कधीच बोलला नाही.”

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान डोलावत बासरी ऐकत होता.

मावशीने मला डिस्कवरची चौथी टेप लावायला सांगितली. चौथ्या टेपेत कोणती गोष्ट आहे ते तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. घड्याळाच्या मनोऱ्यावर सात पाखरं घरटी बांधतात. अंडी घालतात, उबवायला बसतात, आणि बारा वाजतात. घंटा ठोके देते आणि सहा पाखरं घाबरून उडून जातात. पुन्हा येतात, पुन्हा एक वाजतो, पुन्हा उडतात. अंडी गार पडतात. सातवं पाखरू मात्र बसूनच. घंटा हलते, मनोरा हलतो, ते बसूनच. शेवटी एकाच घरट्यातून पिल्लं निघतात. सहा जणी विचारतात, “अगं, तुला भीती नाही वाटली?” सातवी म्हणते, “कसली?”

एवढीच गोष्ट. बहिऱ्या मुलांच्या वर्गात ती सांगितली की काय व्हायचं ते मी पाहिलंय. मुलं बाकांवर चढायची. कारण काका सुरुवातीपासून सांगतच नसत की सातवं पाखरू कोण आहे. शेवटच्या क्षणी तिचं नाव सांगायचे. आणि ते नाव असायचं मावशीचं.

खुणांत प्रत्येकाचं नाव असतं, दुसऱ्याने दिलेलं. मावशीचं नाव काकांनी लग्नाआधी ठेवलं: करंगळी गालाच्या खळीजवळ न्यायची आणि तीनदा भराभर टेकवल्यासारखी करायची, बारीक ब्रशाने ठिपके द्यावेत तशी. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर होऊन जातं ते. काका गेल्यावर त्या हाताने ते नाव घेणारं जगात कुणी उरलं नाही. उरलं ते चौथ्या टेपेत.

डिस्कवर गोष्ट शेवटाला आली. सहा जणींनी विचारलं. काकांचा हात गालाकडे निघाला, चिखल झाला, ढेकूळ उठलं, आणि हात पुन्हा खाली दिसला. बासरीने एक छान तान घेतली.

मावशीने रिमोट घेऊन मागे नेलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा. चौथ्यांदा तिने टीव्ही बंद केला.

“माझं नाव कुठे आहे?” तिने विचारलं.

मी जावईबापूंना सांगितलं. ते हसले. “आता एका सेकंदाचं काय घेऊन बसलात! सहा तासांत एक सेकंद! मुलांना गोष्ट कळल्याशी कारण.”

“सातवं पाखरू कोण हेच कळत नाही, तर गोष्ट काय कळणार?”

“वयामुळे त्यांची नजर कमी झालीय, मेव्हणीबाई. मी व्यवसायात आहे. माझ्या दुकानातून आजवर एक माणूस तक्रार घेऊन आला नाही.”

“टेपा कुठे आहेत?” मावशीने विचारलं.

“दुकानात. भंगारवाला बुधवारी येतो, त्याला द्यायच्या पोत्यात टाकल्यात. डिस्क झाल्यावर त्या डबड्यांचं काय करायचं?”

मी हे मावशीला सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. “बुधवार परवा की तेरवा?”

मंगळवारी दुकान उघडायच्या आधी आम्ही दारात उभ्या होतो. मावशीने कामावर न्यायची तीच जुनी पर्स घेतली होती. ताई आमच्याबरोबर आली, पण नवऱ्याच्या दुकानात पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसली. बारा वर्षांत ती बरीच कोपऱ्यात बसलीय.

दुकान म्हणजे लांबट खोली. डावीकडे काचेचं कपाट, त्यात एक मोठं जाडजूड मशीन, वर झालर घातलेलं. उजवीकडे टेबलावर दुसरं, धुळकट, आवाज करणारं. समोर भिंतीवर काचेच्या चौकटीत ‘आमची हमी’. चौकटीखाली पोतं. मावशी आधी पोत्याकडे गेली आणि सहाही टेपा काढून पदरात घेतल्या. चौथी टेप उजेडात धरली. टेपेच्या खिडकीतून आतल्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसत होती. बुरशी.

“हे लावण्याआधी पुसलं होतं?” मावशीने हातांनी विचारलं.

मी विचारलं.

“पुसायचं काय? आत बंद असतं ते.”

“आणि लावल्यावर मशीनचं फीत वाचणारं हेड पुसलं?”

“दिवाळं काढाल माझं! रोज वीस टेपा येतात.”

मावशीने मान हलवली. आता तिला क्रम लागला होता आणि तिने तो मला बोटांवर मोजून सांगितला, मी जसाच्या तसा दुकानात मोठ्याने. बुरशीची टेप घाणेरड्या मशीनमध्ये घातली, म्हणून चित्रात पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ पडला. बर्फ घालवायला चित्र घासलं, म्हणून चेहऱ्याबरोबर बोटंही घासली गेली. सहा तास एका डिस्कमध्ये कोंबले, म्हणून जे हललं त्याचं ढेकूळ झालं. टेप पुसायला आळस केला आणि माणूस पुसून टाकला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, हातात दोन टेपा घेतलेले एक निवृत्त पोस्टमास्तर. जावईबापूंना चेव चढला.

“हे बघा, यांना समजवा,” ते मला म्हणाले, पण पाहत होते पोस्टमास्तरांकडे. “टीव्हीचं चित्र ओळींचं असतं. आधी एक, तीन, पाच अशा ओळी येतात, मग दोन, चार, सहा. सेकंदाला पन्नासदा. जुन्या टीव्हीवर ते जुळून दिसतं. संगणकावर आणलं की हलत्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात. घाण दिसतं. म्हणून मी एकाआड एक ओळ काढून टाकतो. निम्म्या ओळी! आणि डोळ्याला कळतसुद्धा नाही. याला म्हणतात कसब.”

मी हे सगळं हातांनी सांगितलं. ओळींची अदलाबदल सांगायला माझी दोन्ही मनगटं दुखली. मावशी लक्ष देऊन पाहत होती, अगदी विद्यार्थ्यासारखी. मग तिने विचारलं, “पन्नासमधली पंचवीस चित्रं फेकली?”

“फेकली नाहीत, वगळली.”

“आणि करंगळी त्या फेकलेल्यात होती.”

“अहो, निम्म्या ओळींनी काही बिघडत नाही! सांगा त्यांना. निम्म्या ओळींतही सगळा अर्थ येतो.”

मी सांगितलं. मावशी उठली. गल्ल्यावरचा जाड काळा मार्कर उचलला, हमीच्या चौकटीसमोर गेली आणि चष्मा कपाळावर सरकवला. अडतीस वर्षं ब्रश धरलेला हात. काचेवर पहिली ओळ एका फटक्यात झाकली, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. दुसरी सोडली. तिसरी झाकली. चौथी सोडली. आठ ओळींची हमी, चार उरल्या. मग ती बाजूला झाली आणि जावईबापूंना हाताने खूण केली, वाचा.

“हा काय पोरखेळ आहे?”

“निम्म्या ओळींत सगळा अर्थ येतो म्हणालात ना,” मी म्हटलं. “वाचा की.”

पोस्टमास्तरांना राहवलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पत्त्यासारखं स्वच्छ वाचलं:

“काळजी घेतली जाते आणि… आम्ही तडजोड करत नाही. चित्र… दूर ठेवणं हा आमचा धर्म. ग्राहकाला… कधीच जमणार नाही.”

चष्मा काढून त्यांनी आपल्या दोन टेपा पिशवीत परत ठेवल्या. “मी पुन्हा येईन,” ते म्हणाले. असं म्हणणारी माणसं पुन्हा येत नसतात.

कोपऱ्यातून एक आवाज आला. ताई हसत होती. तोंडावर पदर धरून, पण हसत होती.

“काच खराब केली!” जावईबापू ओरडले.

मावशीने पर्समधून फडकं काढून त्यांच्या हातात दिलं आणि मला सांगायला लावलं, “काच पुसली की निघेल. मी काचेवर लिहिलंय. तुम्ही टेप फेकायला निघाला होता.”

मग तिने काचेच्या कपाटाकडे बोट केलं. त्या झालरवाल्या मशीनकडे.

“ते शोभेला आहे,” जावईबापू म्हणाले.

“ते मी पाहिलंय. आमच्या मालकांनी शेवटी शेवटी असंच घेतलं होतं. रंग आणि उजेड वेगवेगळे नेणारी वायर लागते याला, बारीक सुयांची. ती कुठे आहे?”

तज्ज्ञांनी कपाटाखालचं मशीनचं खोकं पुढे ओढलं. ती वायर खोक्यातच होती. प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ न सोडलेली. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण या पाण्याने पिशवीची गाठसुद्धा सोडवली नव्हती.

बुधवार आणि गुरुवार मावशी गॅलरीत बसली. नाकाला रुमाल, मांडीवर जुनी चादर. चौथ्या टेपेचं झाकण वर करून ती चाक बोटाने फिरवायची आणि फीत मऊ कातडी फडक्याच्या घडीतून जाऊ द्यायची. एक हात, दोन हात, थांबायचं, फडकं बदलायचं. सगळी एक तासाची फीत अशी तिच्या चिमटीतून गेली. मी ज्या ज्या वेळी डोकावले, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. एके ठिकाणी फितीला चुणी होती, आडवी, नखाएवढी. दुकानातल्या त्या धुळकट मशीनने चावली होती. मावशीने ती सपाट करायचा प्रयत्न केला नाही. तिथे दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि पुढे सरकली.

“चुणी कुठे आहे?” मी विचारलं.

“शेवटाकडे,” ती म्हणाली. “कुठल्या शब्दावर ते फितीवरून दिसत नाही.”

शुक्रवारी दुकानाला कुलूप असतं, ते आमच्यासाठी उघडलं. मोठं मशीन खाली काढलं होतं, हेड पुसलं होतं. ताईने पुसलं होतं, मावशीने दाखवलं तसं. बासरी नाही. घासणं नाही. ओळी सगळ्या ठेवायच्या, दाते दिसले तर दिसू देत, शाळेच्या टीव्हीवर ते आपोआप जुळतील. एका डिस्कवर एकच तास. सहा टेपा, सहा डिस्क. पाच सुखरूप झाल्या. जावईबापू बाजूला खुर्चीवर फुगून बसले होते आणि मधून मधून म्हणत होते, “एवढं काही लागत नाही.” चूल पेटवणाऱ्याला लाकूड ओलं आहे हे जसं सारखं सांगत बसावं.

चौथी शेवटी लावली. टेप इतकी थकलेली होती की दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नव्हती. एकदाच. जे यायचं ते या खेपेला.

काका आले. दाणेदार, थोडे पिवळसर, कपाळावर तीन आठ्या, भुवईत व्रण. हात उचलले आणि दहा बोटं दिसली. मनोरा उभा राहिला. पाखरं आली. बोटांचे पंख फडफडले आणि प्रत्येक पीस वेगळं दिसलं. पंखा घरघरत होता, कुणीतरी खोकलं, खुर्ची सरकली. मला तो खोकला ओळखू आला, चित्रकलेच्या सरांचा. देवा, तीन दिवस घालवून काढायला काय काय सापडतं माणसाला!

बारा वाजले. पाखरं उडाली. पुन्हा आली. पुन्हा उडाली. काका ताटकळत ठेवत होते, तीस वर्षांपूर्वीच्या मुलांनाही आणि आम्हालाही. सहा जणींनी विचारलं, तुला भीती नाही वाटली?

चित्र थरथरलं. खालून एक पांढरी रेघ उठली, जाड, वाकडी. चुणी. रेघ काकांच्या पोटावरून छातीवर चढली, छातीवरून गळ्यावर. काकांचा हात गालाकडे निघाला होता. रेघ आणि हात बरोबरच वर जात होते. मावशी खुर्चीच्या कडेवर आली.

आणि जावईबापू उठले. “टेप अडकली! मशीन जाईल माझं!” म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

फाडकन आवाज झाला. ताईने त्यांच्या मनगटावर फटका मारला होता, अंगावर बसलेला डास मारावा तसा, न बघता. तिची नजर पडद्यावरच होती.

रेघ काकांच्या कपाळावरून वर सरकली आणि पडद्याबाहेर गेली. खाली करंगळी गालाच्या खळीजवळ होती. एक. दोन. तीन.

मावशी हलली नाही. मग तिने स्वतःची करंगळी उचलून गालाला एकदा लावली. कुणी हाक मारली की आपण ‘ओ’ देतो ना, तशी.

“ती रेघ मी काढून देऊ शकतो,” जावईबापू मनगट चोळत म्हणाले. “दोन मिनिटांचं काम. कळणारही नाही.”

मावशीने त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “अडतीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यावरच्या रेघा काढल्या,” तिने मला सांगायला लावलं. “कुठली काढायची हे शिकायला दोन वर्षं लागतात. कुठली ठेवायची हे शिकायला बाकीची. ही राहू दे. ही तुमची आहे.”

हे मी भाषांतर केलं तेव्हा मीठ घातलं नाही. गरजच नव्हती.

शनिवारी शाळेत मुलं दाटीवाटीने बसली होती. बाईंनी जुना मोठा टीव्ही लावला होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जावईबापूंनी माइक मागितला. बहिऱ्या मुलांच्या शाळेत माइक! तो कुठून तरी आणला गेला, आणि त्यांनी पंधरा मिनिटं आपल्या तंत्रज्ञानाबद्दल सांगितलं. वायर, ओळी, दाते, सगळं. मंगळवारी ऐकलेलं शनिवारी त्यांचं झालं होतं. भाषांतराला मी उभी होते. पंधरा मिनिटांचं मी दोन खुणांत आटोपलं: ‘टेप उतरली. बघा.’ या पापाचा हिशेब देव मागेल तेव्हा मी देईन, फार लांबवणार नाही.

मग काका आले. मुलं आधी चुळबुळली, कुणी हा म्हातारा? तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ थांबली. पाखरं उडाली तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी जागेवर उभीच राहिली. रेघ वर चढली तेव्हा सगळ्यांनी माना वाकड्या केल्या, जणू तिच्या मागून डोकावता येईल. आणि करंगळी टेकली, एक, दोन, तीन. सगळा वर्ग मागे वळला. मावशी शेवटच्या बाकावर बसली होती आणि बाईंनी मुलांना सकाळीच तिचं नाव शिकवलं होतं.

टाळी वाजवली नाही कुणी. शंभर हात वर गेले आणि हवेत थरथरत राहिले. जावईबापू माझ्या कानाशी म्हणाले, “पोरांना आवडलेलं दिसत नाही, एकही टाळी नाही.” मी त्यांना समजावलं नाही. बारा वर्षं होती त्यांना.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी एवढं माझ्यासाठी करा. जावयाला विसरा, त्यांची आठवण ठेवायला ते स्वतः समर्थ आहेत. आठवण काकांची ठेवा. तुम्ही त्यांना पाहिलं नाही, मला माहीत आहे. पण छापखान्यातून घरी येताना ते अंगठा तर्जनीवर दोनदा घासायचे, शाई पुसावी तसा, आणि तेच त्यांचं नाव पडलं. कधी सवड झाली, आजूबाजूला फार बोलणारं कुणी असलं, तर हात जरा वर घ्या आणि ते नाव घ्या. दोनदा घासा. तोंडाने काही म्हणायची गरज नाही.